करडईचं तेल आणि तितराची शिट्टी

रावजीला कुणी विचारलं, की बाबा तुला या जगात नक्की कशातलं कळतं, तर तो हल्ली छातीवर हात ठेवून सांगतो, "तेल सोडून समद्यातलं." वर स्वतःच खो खो हसतो. पण दीड महिन्यापूर्वी हाच माणूस "तेलातलं माझ्याएवढं सोलापुरात कुणाला कळत न्हाय" असं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत फिरायचा. मधल्या दिवसांत काय घडलं ते तो आता कुणालाही सांगतो. समोरच्यानं विचारावं लागतच नाही, फक्त चहा सांगावा लागतो. दर वेळी सांगताना तो स्वतःला एक नवी शिवी घालतो. त्या शिव्या तेवढ्या इथं गाळल्या आहेत.

रावजीनं तेहतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी बोटांच्या पेरांतलं काळं अजून गेलेलं नाही, आणि ते जावं अशी त्याची इच्छाही नाही. घरात जे जे हलतं, कुरकुरतं किंवा अडकतं, त्यात तेल सोडायचं हा त्याचा नेम. दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, शिलाई मशीन, बादलीची कडी, काही म्हणता काही सुटलं नाही. आणि तेल कुठलं? तर करडईचं, लाकडी घाण्यावरचं. डेपोत सरकार देईल ते ग्रीस वापरावं लागायचं, तिथं त्याचं काही चालत नव्हतं. घरी मात्र करडई. तेच भाजीत, तेच डोक्याला, तेच गुडघ्याला आणि तेच बिजागरीला.

"आपल्या काळ्या रानातलं तेल हाय ते," तो म्हणायचा. "ह्येनं न्हाय सुटलं, तर ते सुटणारंच नव्हतं म्हणून समजा."

त्याची बायको गोजरबाई यावर एकच सांगायची. "अवो, तुमी तेल घातलं की दार चार दिस गुमान उघडतंय, आन पाचव्या दिवशी त्येला दोन माणसं लागत्यात." हे ती पंचवीसएक वर्षं सांगत होती. रावजीला वाटायचं, बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतंय. आता तो म्हणतो, "तवाच ऐकलं असतं तर माझ्या आयुष्यातली बारा वर्सं वाचली असती की."

तर ती बारा वर्षं.

रावजीचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, करमाळ्याकडच्या माळावरचे शेतकरी. जवानीत तितरं धरण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं एक शिट्टी केली होती. म्हशीच्या शिंगाची अंगठ्याएवढी नळी, तिच्या तोंडाशी बांबूची चपटी खाच, आणि त्या खाचेवर दोऱ्यानं आवळलेली पितळेची पत्ती. पत्ती फुटक्या पितळी तांब्याच्या काठातनं कापलेली, ठोकलेली, आणि घासून घासून कागदाएवढी पातळ केलेली. फुंकर मारली की ती थरथरायची आणि थेट तितरासारखा आवाज निघायचा. मग माळावरचा नर, माझ्या हद्दीत हा कोण उपटसुंभ आला म्हणत, मान ताठ करून तरातरा चालत यायचा.

पुढं शिकारीवर बंदी आली. आबांनी फासे चुलीत घातले, शिट्टी मात्र ठेवली. संध्याकाळी माळावर बसून ते ती नुसती वाजवायचे. तितर यायचं, इकडंतिकडं बघायचं, भांडायला कुणीच नाही म्हटल्यावर रागारागानं परत जायचं, आणि आबा पोट धरून हसायचे. त्यांच्या शेजारी बसून ती शिट्टी वाजवायला शिकली ती रावजीची धाकटी बहीण बजाबाई. रावजीनंही प्रयत्न केला होता. त्यानं फुंकली की येणारं तितर सोडा, बसलेलंसुद्धा उडून जायचं.

आबा गेले आणि थोरला म्हणून शिट्टी रावजीकडं आली. वडिलांची आठवण, जपायला नको? त्यानं ती जपली. स्टीलच्या डब्यात ठेवली आणि दर रविवारी आंघोळ करून तिच्या पत्तीवर करडईच्या तेलाचे दोन थेंब सोडायला लागला. देवाला दिवा लावावा तितक्या भक्तीनं हे चाललं होतं.

आबांच्या वर्षश्राद्धाच्या महिनाभर आधी बजाबाईनं ती मागून नेली. तिचं सासर उजनीच्या पाण्याकाठी, केळीच्या बागांतलं. "आमच्या माळाला लई तितरं हायेत दादा, आबाची आठवण म्हणून वाजवती," म्हणाली. रावजीनं जास्तीचे दोन थेंब सोडून शिट्टी तिच्या हातात दिली. महिन्यानं वर्षश्राद्धाला तिनं ती परत आणली, आणि पंगत बसायच्या आधी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "दादा, पत्ती चिकटली बग हिची. तेल लावतोस का तू? आबा कवाच तेल लावत न्हवता. कोरडी ठेवायचा."

बाजूला घेऊन सांगितलं होतं तिनं. रावजीनं उत्तर मात्र भर मांडवात दिलं. "सत्तावीस वर्सं तेलात हात हाय माझा! तू मला शिकवतीस? पाण्यात पाडलीस, न्हायतर नळाखाली धरलीस, आन वर खोटं बोलतीस? आबाची एक वस्तू धड ठिवता आली न्हाय तुला!"

सगळे पाव्हणे बघत होते. बजाबाई मागं वळली. पिशवी उचलली आणि जेवायच्या आधीच निघून गेली, पाण्याचा घोटसुद्धा न घेता. तेव्हापासून तिनं रावजीच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. लग्नाकार्यात गाठ पडायची, ती गोजरबाईच्या गळ्यात पडायची आणि रावजीकडं पाठ करून बसायची. रावजीही ताठ. "एकदा म्हणावं तिनं, दादा चुकले. बास. मी लगेच जाईन," असं तो म्हणायचा. आणि खरं सांगायचं तर त्याला ती फार आठवायची. जेवताना मधेच हात थांबायचा. गोजरबाईनं "काय वो?" विचारलं की म्हणायचा, भाजीत मीठ कमी हाय.

हे असं चाललेलं असताना दीड महिन्यापूर्वी, श्रावण लागायच्या तोंडावर एका बुधवारी, बजाबाईची लेक अंकिता घरी आली. अंकिता सोलापुरात कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवते. आईचं भांडण आईपाशी, मामा-मामी माझे, असा तिचा सरळ हिशेब, त्यामुळं तिचं येणंजाणं कधी थांबलं नव्हतं.

"मामा, येत्या रविवारी आमच्या गावच्या माळावर तितरं मोजायची आहेत," ती म्हणाली. "वन खात्याची परवानगी काढलीय. धरायचं बिरायचं काही नाही. आवाज द्यायचा, नर उत्तर देतात, ती उत्तरं मोजायची. मोबाइल लावून बघितला, पण वाऱ्यात त्याचा आवाज पोचतच नाही. आई म्हणाली, आबांची शिट्टी माग."

रावजीनं चहाचा कप खाली ठेवला. "बजी म्हणाली?"

"हो. म्हणाली, दादाकडं असंल. चालत असंल तर घेऊन ये."

बस. तेवढं पुरलं. "चालत असंल तर म्हंजे? न चालायला काय झालंय तिला? झक्क चालती! शनवारी ये आन घेऊन जा!"

गोजरबाई आतनं भाजी निवडता निवडता नवऱ्याकडं बघत राहिली. बारा वर्षांत त्या शिट्टीतनं साधा सूरसुद्धा बाहेर आलेला नव्हता, हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं.

अंकिता गेल्यावर रावजीनं डबा काढला आणि शिट्टी फुंकली. फुस्स. पुन्हा फुंकली. फुस्स. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, डोळे बाहेर यायला आले. "स्कूटरची हवा गेली का कुणाच्या?" गोजरबाईनं आतनं विचारलं. रावजीनं तिकडं लक्ष दिलं नाही. मेकॅनिक होता तो. अडकलेल्या गोष्टीला काय करायचं हे त्याला शिकवायला नको. त्यानं तेलाची बाटली घेतली आणि दोन नाही, चांगले सात-आठ थेंब सोडले.

गुरुवारी पत्ती आणखीच घट्ट बसलेली. म्हणजे तेल आत मुरलं नाही, असं त्यानं ठरवलं, आणि मुरावं म्हणून शिट्टी गच्चीवर उन्हात ठेवली. ढगाळ ऊन पुरेना, तेव्हा शेजारच्या शिवानीकडनं केस वाळवायचं मशीन मागून आणलं. शिवानीनं त्याच्या टकलाकडं बघितलं, पण बिचारीनं काही विचारलं नाही. गरम हवा मारून झाल्यावर त्यानं पोटातली होती नव्हती ती सगळी ताकद लावून फुंकर मारली. पत्ती जागची हलली नाही. वरची कवळी मात्र हलली, ती सुटून थेट गोजरबाईच्या पुढ्यातल्या मेथीत जाऊन पडली.

गोजरबाईनं ती उचलली, धुतली आणि त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "झालं एवढं बास झालं. ते बाळीवेशीकडचे पेटीवाले शरणबसव अण्णा न्हाईत का? भजनाच्या पेट्या नीट करणारे. पेटीत बी पितळंच्या पत्त्याच असत्यात की. जावा त्यांच्याकडं."

"म्या? दुसऱ्याकडं? अगं, अख्ख्या डेपोतली इंजनं खोलली म्या!"

"हो का. मग शनवारी अंकिताला इंजनच द्या."

शुक्रवारी सकाळी रावजी शरणबसव अण्णांच्या दुकानात हजर झाला.

शरणबसव अण्णा सत्तरीचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, एका डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं भिंग, आणि भोवती पोटं उघडून पडलेल्या आठ-दहा पेट्या. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळं चकित झाले की आधी कानडी बाहेर पडायचं. त्यांनी शिट्टी हातात घेतली, उलटसुलट केली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "यप्पा! ह्याला भज्याचा वास येतोय की हो!"

"तेल लावलंय ना. करडईचं. घाण्याचं हाय, भेसळ न्हाय त्यात."

"किती दिवसांपासून लावताय?"

"तेरा वर्सं झाली," रावजी अभिमानानं म्हणाला. "सुरुवातीला दर रविवारी. आता ह्या दोन दिसात जरा जास्त."

अण्णांनी भिंग वर ढकललं आणि दोन्ही डोळ्यांनी रावजीकडं बघितलं. "काय काम करत होता तुमी?"

"एसटीत. मेकॅनिक."

"आता काय बोलू मी," अण्णा म्हणाले, आणि शेजारची एक पेटी पुढं ओढून तिच्या आतली पत्ती त्याला दाखवली. तिच्यावर पिवळट, चकचकीत साय धरली होती. "ही बघा, भजनी मंडळाची. सूर अडकला की घालतात करडई. दर श्रावणात मला अशा चार पेट्या येतात. अहो, करडईचं तेल वाळतं हो! शेंगदाण्याचं नुसतं चिकट होतं, हे वाळून घट्ट बसतं. रंगात घालतात हे तेल, लाकडावर चकाकी यायला. तुमच्या बायकोच्या तेलाच्या बरणीला बाहेरून जे पिवळं चिकटतं, नखानं बी निघत नाही, ते काय असतंय?"

रावजीला बरणी आठवली. मग बिजागऱ्या आठवल्या. मग शिलाई मशीन, जे गोजरबाईनं शेवटी भंगारात दिलं होतं. एकामागनं एक सगळं घर डोळ्यांपुढनं गेलं. पण बारा वर्षं धरून ठेवलेली गोष्ट माणूस अशी एका दमात सोडत नाही. तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या अण्णा. हिचं मूळ दुखणं येगळं हाय. बहिणीनं पाण्यात पाडली हुती."

"असं?" अण्णांनी भिंग खाली ओढलं, दोरा सोडला, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि बांबूच्या बारीक काडीनं थर सोलायला लागले. एक निघाला, दुसरा निघाला. निघता निघेनात. बऱ्याच वेळानं खालचं पितळ दिसलं, नव्यासारखं पिवळंधमक.

"पाणी कुठं आहे हितं?" अण्णा म्हणाले. "पाण्यात गेलं असतं तर पितळ हिरवं पडलं असतं, बांबू फुगून फाकला असता. ही खाच बघा, जशी कापली तशी आहे. आणि सगळ्यात खालचा थर कशाचा आहे? तेलाचाच. म्हणजे आधी तेल पडलं, मग चिकटली. तुमच्या बहिणीनं काय केलेलं नाही हो ह्याला."

ते सहज बोलून गेले आणि पुन्हा कामाला लागले. त्यांना काय माहीत. रावजी मात्र तिथल्या मोडक्या स्टुलावर बसला. भर मांडवात पिशवी उचलणारी बजी त्याला दिसत होती. तिनं सांगितलं होतं. हळू आवाजात, बाजूला घेऊन, त्याची लाज राखून सांगितलं होतं. आणि तो तिला सगळ्यांपुढं खोटारडी म्हणाला होता. त्याला इतकी लाज वाटली, की दुकानातनं उठून पळून जावं असं वाटलं.

"रावज्या," तो स्वतःशीच पण मोठ्यानं म्हणाला, "तुझ्याइतका गाढव डेपोत दुसरा झाला न्हाय."

"मला काय म्हणालात?"

"न्हाय अण्णा, तुमाला न्हाय. हितं दुसरा येक माणूस हाय."

अण्णांनी कॅलेंडरच्या पानाचा एक कपटा फाडला, पत्तीच्या टोकाखालनं सरकवला आणि पत्ती केसभर उचलली. "एवढी फट पाहिजे. कागद जाईल एवढी. जास्त नको, कमी नको. आणि तेल लावायचं नाही. वाजवून झाली की फडक्यानं पुसायची, कोरडी ठेवायची." हे ऐकून रावजीनं डोळे मिटून घेतले. मग अण्णांनी दोरा बांधला आणि शिट्टी फुंकली. कतीतर, कतीतर, कतीतर! पत्र्यावर झोपलेलं मांजर ताडकन उठून बसलं, आणि रावजीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेरा वर्षांनी आबा बोलले असं त्याला वाटलं.

शनिवारी दुपारी अंकिता गाडी घेऊन आली. रावजी धुतलेला सदरा घालून, टोपी चढवून दारातच उभा होता. "मी बी येतो," म्हणाला. अंकिता बघतच राहिली. गोजरबाईनं चिवड्याचा डबा गाडीत ठेवला आणि तेलाची बाटली घेतली नाही ना म्हणून त्याचे खिसे चाचपले. शुक्रवारी त्यानं घरी येऊन तिला सगळं सांगितलं होतं. ती हसली नव्हती. "जावा आन तिला सांगा," एवढंच म्हणाली होती.

वाटेत तो ओठ हलवत राहिला. मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेली, तरी ह्याचं आपलं चालूच. "बजे, चूक माझी हाय. न्हाय. बजे, तुला मी बोललो ते. न्हाय न्हाय. बजे, करडईचं तेल हाय का न्हाय, ते असं असतंय..."

"मामा, कुणाशी बोलताय?"

"तेलाशी," रावजी म्हणाला.

पाण्याकाठी मोटारी चालू होत्या. बजाबाईच्या घरापुढं केळीचे घड ट्रॅक्टरमध्ये भरत होते. ती पायरीवर बसली होती. केस पार पांढरे झालेले. भावाला गाडीतनं उतरताना बघून ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ये." ना हसली, ना रडली. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

रावजीनं पाठ केलेलं सगळं तिथंच सांडलं. त्यानं शिट्टी पुढं केली आणि म्हणाला, "पत्ती सुटली, बजे." मग जे सुटलं ते थांबेचना. रविवारचे दोन थेंब, जाताना दिलेले जास्तीचे दोन, गच्चीवरचं ऊन, केस वाळवायचं मशीन, मेथीत पडलेली कवळी, भज्याचा वास, सगळं त्यानं सांगून टाकलं. "तू पाण्यात पाडली न्हवतीस. म्याच चिकटवली. तुज्या हातात द्यायच्या आदीच चिकटवली. आन तुला खोटारडी म्हणलो. चुकलं माझं. लई चुकलं."

ट्रॅक्टरवरची माणसं हातातले घड तसेच धरून ऐकत होती. रावजीला त्याची पर्वा नव्हती, भर मांडवात बोलला होता तर भर अंगणातच फेडायला हवं होतं. बजाबाई कवळीपर्यंत गंभीर होती. कवळीशी तिचा ओठ हलला. भज्याच्या वासाशी तिनं पदर तोंडात कोंबला, आणि मग जी हसायला लागली ती आबांसारखी पोट धरूनच. डोळे पुसत तिनं शिट्टी घेतली, मळ्याच्या टोकाला जाऊन माळाकडं तोंड केलं आणि फुंकली. दोनदा फुंकली. तिसऱ्यांदा फुंकायच्या आत माळावरनं उत्तर आलं, अगदी चिडलेलं. अंकितानं घाईघाईनं वहीत एक रेघ ओढली. मोजणी उद्या होती, तरी ओढली.

रावजीचा जीव भांड्यात पडला. तो घटाघटा पाणी प्याला आणि टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. "चला, मिटलं बग एकदाचं."

"काय मिटलं?" बजाबाई पायरीवर येऊन बसत म्हणाली.

"शिट्टीचं. आपलं भांडण."

"शिट्टीवरनं माझं कुटं भांडण हुतं?" ती म्हणाली. "तुला तेलाचं येड हाय हे मला ल्हानपणापास्नं ठावं हाय. त्या दिशी राग आला, आला. चार दिसांत गेला बी. मी पंचमीची वाट बगत बसले."

रावजीनं गुडघ्यावरची टोपी हातात घेतली.

"पंचमीला भावानं न्यायला यावं लागतंय, दादा. आपलं आपण उठून म्हायेरी जाता येतंय व्हय? बारा पंचम्या झाल्या. ह्या आळीतल्या समद्या बायांचे भाऊ येत्यात. कुणी मोटारसायकलवर येतंय, कुणी जीप करून येतंय. मला इचारत्यात, बजाबाई, तुजा दादा? मी सांगती, दादा एसटीत हाय. सणाला जादा गाड्या सुटत्यात, मेकॅनिकला कोण रजा देतंय?"

"व्हय, ते खरं हाय," रावजी पुटपुटला. धरायला काहीतरी हवंच होतं त्याला. "सणाला रजा मिळायचीच न्हाय."

बजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "तू रिटायर होऊन सहा वर्सं झाली, दादा. मी अजून रजा न्हाय म्हणूनच सांगती."

रावजीला रडू फुटलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, ट्रॅक्टरवरच्या माणसांपुढं, टोपीत तोंड खुपसून रडला. बहिणीनं त्याचं नाव राखायला दर वर्षी एक खोटं सांगितलं होतं, आणि खोटारडी म्हणून तो तिच्यावर रुसून बसला होता. बजाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. तीही रडत होती, पण तिचं आपलं नेहमीसारखं, आवाज न करता.

थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं. "पंचमी कवा हाय?"

"मंगळवारी."

"उद्या मोजणी झाली की पिशवी भर. मी न्यायला आलोय."

कुंपणापलीकडची म्हातारी मघापासनं डोकावत होती. आता तिला राहवेना. कुंपणाशी येऊन तिनं हाक मारली, "बजा, ह्योच व्हय गं तुजा एसटीतला दादा? गावली म्हणायची की शेवटाला रजा!"

बजाबाई काहीतरी सांभाळून घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात रावजी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"गावली, मावशी," तो म्हणाला. "रजा कवाच मिळाली असती. अर्जच म्या केला न्हवता."